तोलाराच्या वहीतला तिसरा रकाना

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या तालुक्यातला, हे विचारले तर मी चुकेन. सांगलीच्या तोलाराचे प्रकरण मात्र कालच्यासारखे लख्ख आठवते, आणि त्याचे कारण माझी हुशारी नाही. त्या दिवशी मी एका सरळ माणसाचा संसार मोडायला निघालो होतो, तोही सगळी कलमे व्यवस्थित पाळून.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षे होती. मी मूळचा फलटणकडचा, उसाच्या पट्ट्यात वाढलेला. सांगलीला फौजदार म्हणून बदली झाली तेव्हा मला हळदीतले ओ की ठो कळत नव्हते. हंगाम सुरू झाला की त्या पेठेत माणसेच काय, बैलांची शिंगेसुद्धा पिवळी होत. बंदोबस्ताहून परतलेल्या शिपायांचे खाकी कपडे झटकले की ठाण्याच्या ओसरीवर पिवळी रांगोळी पडायची.

हळदीच्या वायद्याचा रीतसर बाजार होता, त्याचे नियम होते, त्यात आम्हाला पडायचे कारण नव्हते. आमची डोकेदुखी होती ती बाहेरच्या सट्ट्याची. पेठेत कुठेतरी आडोशाला भावाची पाटी लागायची. हळदीचे पोते कुणी डोळ्यांनीही बघायचे नाही. सकाळी तोंडाने नुसते ‘घेतली’ म्हणायचे, दुपारनंतर ‘दिली’ म्हणायचे, आणि मधल्या फरकाचे पैसे खिशात घालायचे किंवा खिशातून काढायचे. बहुधा काढायचेच. पाठीवर पोती वाहणारे हमाल दिवसाची मजुरी तिथे ठेवून हात हलवत घरी जायचे.

एके दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. असे अर्ज ठाण्यात येतच असतात. निम्मे भाऊबंदकीतून आलेले, आणि उरलेले जुना राग काढायला लिहिलेले. हा अर्ज मात्र फार व्यवस्थित होता. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. पेठेतल्या अमुक एका अडतीवरचा तोलार, म्हणजे माल तोलणारा माणूस, सट्टा चालवतो; काट्याजवळच्या लाकडी पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे; तिच्यात रोजचे सौदे सापडतील, असा मजकूर. इतकी तयार खबर हातात पडली की आधी खबर देणाऱ्याचा विचार करावा, हे मला आता कळते. तेव्हा मी तिशीत होतो, आणि सट्ट्याची एकही केस नाही म्हणून मागच्याच बैठकीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडले होते.

दोन पंच आणि तीन शिपाई घेऊन मी अकराच्या सुमारास अडतीवर पोहोचलो. तोलार पंचेचाळिशीचा, उंच, ताठ पाठीचा. फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलेला, गाव कवठे महांकाळच्या बाजूचे. तो ढिगाचे वजन करत होता. तोलारांच्या रिवाजाप्रमाणे ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू करायची, मग दोन, तीन, असा त्याचा सूर चालला होता. मी समोर उभा राहिलो तरी सूर तुटला नाही.

“सायेब, येवडा ढीग हुंद्या,” तो म्हणाला. “मदीच सोडला तर शेतकऱ्याचं वजन चुकंल.”

मला त्याचा राग आला. निगरगट्ट आहे, असे मी मनात नोंदवून टाकले.

पेटी उघडली. लाल पुठ्ठ्याची वही अर्जात लिहिल्याप्रमाणेच निघाली. रोज एक पान, आणि प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: ‘ठरवलं’, ‘केलं’, ‘का’. पंचांसमोर मी दोन-तीन पाने मोठ्याने वाचली. एका पानावर होते, ‘ठरवलं – दुपारपर्यंत थांबायचं. केलं – अकरालाच दिली. का – भाव जरा हलला आणि मन घाबरलं.’ दुसऱ्या पानावर ‘का’च्या खाली एकच शब्द होता: ‘हाव’. आणखी एके ठिकाणी, ‘कालचा तोटा आजच काढायचा हट्ट.’ आणि एके ठिकाणी, ‘सकाळी मंडळी न बोलता कामाला गेल्या. चित्त थाऱ्यावर नव्हतं.’ ‘मंडळी’ म्हणजे त्याची बायको, हे सांगायला नकोच.

माझ्या नोकरीत इतका बोलका पुरावा मी पाहिला नव्हता. गुन्हेगाराने गुन्हा लिहून ठेवला होता आणि वर त्याची कारणेही दिली होती. पंचनामा झाला, वही मुद्देमालात जमा झाली आणि तोलाराला ठाण्यात आणला. तोलाराने स्वतः सौद्यात उतरायचे नाही, ही त्याच्या परवान्याची पहिली अट. गुन्हा दाखल झाला की परवाना जाणार आणि परवान्याबरोबर रोजची भाकरी, हे त्यालाही ठाऊक होते.

“वही तुझी?”

“व्हय सायेब.”

“अक्षर?”

“माजंच.”

“हे सौदे कुणाबरोबर केलेस?”

मी तोच प्रश्न पाच-सहा तऱ्हांनी विचारला. गोडीने विचारला, टेबलावर हात आपटून विचारला. परवान्याची भीती घातली. फौजेतल्या माणसाला हे शोभते का, म्हणून लाज काढली. तो माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिला. पाणी हवे का विचारले तर ‘व्हय’ म्हणायचा. गाव कुठले, नोकरी किती वर्षे झाली, सगळे सांगायचा. सौद्याचा विषय निघाला की दातखीळ बसायची. शेवटी मी त्याला तसाच उभा ठेवला. उभे राहून फौजेतला माणूस थकत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला तास गेला. तोपर्यंत माझेच पाय दुखायला लागले होते.

ओसरीवरच्या बाकावर त्याची बायको येऊन बसली होती. ती दुसऱ्या एका अडतीवर हळकुंडे निवडायला जात असे. हाताची बोटे पिवळी, मांडीवर फडक्यात बांधलेले गाठोडे. नवऱ्यासाठी भाकरी आणली असेल, एवढेच माझ्या मनात आले. मी दोन वेळा तिच्यासमोरून गेलो. दोन्ही वेळा ती उठून उभी राहिली, आणि दोन्ही वेळा मी घाईत होतो. पाच वाजता साहेबांना टेलिफोनवर ‘सट्ट्याची केस झाली’ म्हणून सांगायचे होते.

आमच्या ठाण्यात निवृत्तीला आलेले एक हवालदार होते. जवळच्या हरिपूरकडचे. पोलिसात यायच्या आधी त्यांनी हळदीची पोती वाहिली होती. बाईला पाणी नेऊन देण्याचे त्यांनाच सुचले. अर्धा तास ते तिच्याशी बोलत बसले, मग माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लोटून घेतले.

“सायेब, त्या बाईला कायी इचारलं का?”

“तिला काय विचारायचं? सौदे काय ती करते?”

“तिनं नवऱ्याकडनं बेलभंडार उचलून घेतलाय.”

आमच्या भागात ही शपथ साधी नाही. बेलाचे पान आणि भंडारा, म्हणजे हळदच, हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा. कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटे बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. बेलभंडार उचलून मोडणारा क्वचित.

हवालदारांनी सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी. फौजेतून सुटताना मिळालेली सगळी रक्कम तोलाराने तीन वर्षांपूर्वी या सट्ट्यात घालवली होती. दोन महिन्यांत सगळे साफ. बायको रडली नाही, भांडली नाही. त्याला गावी देवळात घेऊन गेली आणि बेलभंडार पुढे केला. ‘हळदीच्या सौद्याचा शबुद पुन्यांदा तोंडातनं काडनार न्हाई’, अशी शपथ त्याने घेतली.

“म्हनून मुका झालाय त्यो,” हवालदार म्हणाले. “बाई भाईर बसलीया. बोलावं तर शपथ मोडती, न बोलावं तर तुमी आत टाकताय. आन् बाई म्हंतिया, वहीत सौदे घावलं म्हंजे मोडलीच शपथ. साडेपाचच्या एष्टीनं भावाकडं निगालीया कायमची. गठुडं बांदूनच आलीया.”

ते गाठोडे मी भाकरीचे समजलो होतो.

“हवालदार, शपथ राहू द्या बाजूला. वहीत सौदे आहेत ना?”

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “सायेब, सौदा एकट्यानं हुतो व्हय? घेनार हाय. देनार कुटं हाय? सबंद वहीत दुसरं एक नाव दावा मला.”

मी पाने उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर्षभराची पाने. भाव होता, वेळ होती, कारण होते. दुसऱ्या माणसाचे नाव एकाही पानावर नव्हते. सट्टेवाला एक वेळ पोराचे नाव विसरेल, पण पैसे कुणाकडून यायचे ते नाव विसरणार नाही. सकाळपासून मी ती वही चार वेळा चाळली होती आणि जे लिहिले होते तेवढेच वाचत होतो.

“मग हे सौदे कसले?”

“ते त्येलाच इचारू. पन तोंडानं न्हाई.”

हवालदारांनी खुंटीवरचा आपला पंचा काढला. त्या वेळी हळदीचे जाहीर लिलाव होत असले तरी जुन्या लोकांच्या हातांची सवय गेली नव्हती. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, भाव बोटे दाबून सांगायचा, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही. तोलार इतका वेळ भिंतीकडे बघत होता. पंचा पाहिल्यावर त्याने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले आणि हात पुढे केला.

हवालदारांनी पंच्याखाली हात धरून विचारले, “शपथ घेतल्यापासनं किती पैसं लावलंस?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सायेब, तुमीच धरा. माज्या सांगन्यावर नगं.”

खाकी कपड्यांतला फौजदार आरोपीचा हात पंच्याखाली धरून बसला आहे, हे साहेबांनी पाहिले असते तर माझी बदली थेट गडचिरोलीला झाली असती. पण मी धरला. काट्याच्या साखळीने घट्टे पडलेला तो हात माझ्या हातात आला आणि सावकाश मिटला. पक्की मूठ. एकही बोट उघडे नाही.

“मूठ म्हंजे कायी न्हाई,” हवालदार म्हणाले. “शून्य.”

“एकदाही नाही?” मी विचारले.

मूठ माझ्या हातात आणखी घट्ट झाली. सकाळपासून मी ज्याला ‘अरे-तुरे’ करत होतो त्याला म्हणालो, “बसा.” तो बसला.

बाईला आत बोलावले. ती दारातच उभी राहिली. नवऱ्याकडे तिने पाहिलेही नाही.

“सायेब, मला एकच सांगा. मोडली का न्हाई?”

“नाही मोडली. त्यांनी एक पैसाही लावलेला नाही.”

“मग लिवलंय कशापायी? लावत न्हाई त्येला लिवायचं काय काम?”

हा प्रश्न मी सकाळी विचारायला हवा होता. तोलार तिच्याकडे बघत होता, ओठ हलत होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता. आता तिने त्याच्याकडे पाहिले. मग तिचा आवाज जरा उतरला.

“बोला. शपथ मीच घातलीया, मीच सांगते. देवाला काय त्ये माजं मी सांगीन. येवड्यापुरतं बोला.”

आणि तो बोलला. आमच्याशी नव्हे, तिच्याशी.

“खाज जाईना गं. रोज काट्यावर हुबं ऱ्हायाचं, रोज भाव कानावर पडायचा. सांजच्याला वाटायचं, आज लावलं असतं तर गेलेलं समदं माघारी आलं असतं. लय जीव तळमळायचा. फौजेत आमचा सुभेदार रोज सांजचं आमच्याकडनं लिवून घ्याचा. काय ठरवलं, काय केलं, का चुकलं. म्हनलं, आपुन बी तसंच करू. मनातच घ्याची, मनातच द्याची, आन् घरी यायच्या आदी काट्यापाशी बसून कागदावर मांडायचं. खोटं लिवायचं न्हाई. वरीस झालं. आपलं गेलं त्येच्या तिप्पट गेलं आसतं.”

“तिप्पट?” ती म्हणाली.

“तिप्पट. हळदीचं काय बी चुकत न्हाई. मीच घाई करतो. हाव सुटली की घाई, भ्यालो की घाई. समद्या वहीत त्येच हाय.”

“मग माज्यापास्नं लपवलं का?”

“भ्यालो.”

“लढाईत भ्याला न्हाईसा म्हंता की.”

“तवा तू म्होरं नव्हतीस.”

हवालदार मोठ्याने हसले. बाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळले नाही, बहुधा दोन्ही. मग तिने खाली बसून गाठोडे सोडले. आत दोन लुगडी होती, फणी-कुंकवाचा डबा होता, आणि सगळ्यांच्या वर केळीच्या पानात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा. कायमची माहेरी निघालेल्या बाईने नवऱ्याचे जेवणही बांधून आणले होते.

“खावा,” ती म्हणाली. “सकाळधरनं उपाशी आसशीला. आन् उद्यापास्नं माज्याम्होरं बसून लिवायचं.”

साहेबांना मी पाच वाजता टेलिफोन केला. सट्ट्याची केस झालेली नाही, असे सांगितले. त्यांनी जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. स्टेशन डायरीत मी चौकशी करून सोडल्याची नोंद केली. अर्ज मात्र फाइलला लावला नाही, खिशात ठेवला. पेटी, लाल पुठ्ठा, वही ठेवायची जागा, इतके जवळून कुणाला माहीत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यांत पेठेत गेलो आणि हमालांच्या घोळक्यात बसलो. कालच्या हकिकतीने ते चिडलेलेच होते, त्यामुळे बोलायला वेळ लागला नाही.

“त्यो वही आमच्याम्होरं धरायचा,” त्यांच्यातला एक म्हणाला. “सोता एक शबुद बोलायचा न्हाई. नुसता ‘का’वर बोट ठिवायचा. आमच्यातला शिकलेला वाचायचा आन् ह्यो मान हलवायचा. हळदीतला येवडा जानता मानूस रोज बुडतोय, मग आमी कोन? आमी सात-आठ जनांनी लावायचंच सोडलं.”

“कुठं लावत होता?”

एकाने हनुवटी किंचित उचलून समोरच्या अडतीची माडी दाखवली. तिथला मुनीम, म्हणजे हिशेबनीस, पाटी चालवत होता. गिऱ्हाईक का तुटले याचा त्याने शोध घेतला होता, आणि ज्या वहीने तोडले ती आमच्याच हातून उचलायचा बेत केला होता. त्याच आठवड्यात आम्ही माडीवर छापा घातला. त्याच्या वहीत प्रत्येक सौद्याला दोन नावे होती. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. खिशातला अर्ज काढून शेजारी ठेवला आणि त्याला काही विचारायचे कारणच उरले नाही.

साहेबांना केस मिळाली, मला शाबासकी मिळाली. तोलार पुढे कित्येक वर्षे काट्यावर होता. माझी इस्लामपूरला बदली झाली तेव्हा नवराबायको दोघे ठाण्यात निरोपाला आले. त्याने मला एक कोरी वही दिली, लाल कापडी पुठ्ठ्याची. पट्टीने तीन रकाने आखलेले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बाई म्हणाली, “रेगा मी वडल्यात. जरा वाकड्या आस्त्याल.”

ती वही मी भरत गेलो. ती संपल्यावर तसेच रकाने आखून निवृत्तीपर्यंत दुसऱ्या केल्या. आता आमच्या शेजारचे गृहस्थ मोबाईलवर शेअर घेतात, वायदे घेतात, परदेशी चलनसुद्धा घेतात. सकाळी घेतात आणि दुपारी विकतात. एकदा तोंड उतरवून बसले होते, तेव्हा मी त्यांनाही रकाने आखून दिले. पहिले दोन ते रोज भरतात. तिसरा कोरा ठेवतात. मी काही म्हणत नाही, कारण तो भरायला मलाही फार जड गेले होते.

माझ्या वहीचे पहिले पान अजून आहे. ‘ठरवलं – तोलार गुन्हेगार.’ ‘केलं – निर्दोष म्हणून सोडला.’ तिसऱ्या रकान्यात खाडाखोड आहे. आधी लिहिले होते, ‘निनावी अर्जाने फसवलं.’ ते खोडले. मग लिहिले, ‘आरोपी बोलला नाही.’ तेही खोडले. त्याखाली जे आहे ते तसेच ठेवले आहे: ‘बाई चार तास बाकावर बसली होती. माझ्यासाठी दोनदा उठून उभी राहिली. तिला मी काहीच विचारलं नाही.’